लोकांना संकटातून सोडवणारी स्तोत्रं लिहिणारे तुलसीदास स्वतः आजारी पडले, तेव्हा त्यांनी मारुतीला काय सुनावलं?

रात्री अंधाऱ्या गल्लीतून एकटं जायचंय, गाडी घाटात आहे आणि समोर धुकं आहे, किंवा घरातलं माणूस ऑपरेशनला आत गेलंय आणि आपण बाहेर बाकड्यावर बसलोय. अशा वेळी आपल्या ओठांवर आपोआप काहीतरी येतं. कुणाच्या रामरक्षा, कुणाच्या भीमरूपी, तर कुणाच्या हनुमान चालिसा.

यातली हनुमान चालिसा तर आज मोबाईलच्या रिंगटोनपासून रिक्षाच्या काचेपर्यंत सगळीकडे आहे. परंपरेने ती गोस्वामी तुलसीदासांची मानली जाते. ती म्हटली की भूतपिशाच्च जवळ येत नाही, रोग जातो, पीडा टळते, असं आश्वासन त्या चालिसेतच दिलेलं आहे.

पण या तुलसीदासांच्या आयुष्याचा शेवटचा काळ कसा गेला, हे फारसं कुणी सांगत नाही. त्यांचा हात इतका दुखत होता की सहन होईना. अंगावर फोड आले होते. औषधं घेऊन झाली, मंत्र-तंत्र झाले, नवस झाले. काही केल्या उतार पडेना. तेव्हा या म्हाताऱ्या कवीने मारुतीसमोर बसून अजून एक स्तोत्र रचलं. त्यात स्तुती आहेच, पण त्याहून जास्त तक्रार आहे.

ज्यांचे शब्द म्हणून आपण भीती घालवतो, त्या माणसाची स्वतःची भीती काय होती आणि त्याला स्तोत्राने नेमकं काय दिलं, त्याचीच ही गोष्ट.

जन्म झाला आणि घर तुटलं

तुलसीदासांचा जन्म कधी झाला यावर अभ्यासकांचं एकमत नाही. बरेच जण 1532 हे साल धरतात. गावाबद्दलही वाद आहे. उत्तर प्रदेशातल्या चित्रकूट जिल्ह्यातलं राजापूर आणि कासगंज जिल्ह्यातलं सोरों, ही दोन्ही गावं त्यांच्यावर हक्क सांगतात.

पण त्यांच्या लहानपणाबद्दल एक गोष्ट पक्की आहे, कारण ती त्यांनी स्वतःच कवितावली आणि विनयपत्रिका या आपल्या रचनांमध्ये सांगितली आहे. आईबापांनी त्यांना जन्म दिला आणि सोडून दिलं. मागून खाणाऱ्या घरात पोर जन्माला आलं, तेव्हा आनंद व्हायच्या ऐवजी घरच्यांना घोरच लागला, असं ते लिहितात.

का सोडलं, याचं उत्तर पुढे लोककथांनी दिलं. मूळ नक्षत्रावर जन्म झाला म्हणून पोर अशुभ ठरलं, जन्मतःच तोंडात दात होते, वगैरे. या कथा बाजूला ठेवल्या तरी कवीने स्वतः सांगितलेलं पुरेसं बोलकं आहे. हे पोर दारोदार हिंडत होतं. हरभऱ्याचे चार दाणे हातावर पडले तरी धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष असे चारही पुरुषार्थ मिळाल्यासारखं त्याला वाटायचं.

या पोराला लोक रामबोला म्हणायचे. हे नावही त्यांच्या स्वतःच्याच काव्यात येतं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे. म्हातारपणी या दिवसांची आठवण काढताना तुलसीदास म्हणतात की तुकड्यांसाठी घरोघर फिरणाऱ्या या कंगाल पोराला मारुतीने आपल्या लेकरासारखं सांभाळलं. म्हणजे मारुती त्यांच्यासाठी नुसता शक्तीचा देव नव्हता. ज्याचं कुणी नव्हतं, त्याला जेवू घालणारं ते घरचं माणूस होतं.

लग्न, बायकोचा टोमणा आणि काशी

तुलसीदासांच्या लग्नाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. बायको माहेरी गेली, यांना राहवेना, रात्रीच मागोमाग सासरी पोचले. तिने सुनावलं की माझ्या हाडामांसाच्या देहावर जेवढं प्रेम करता, तेवढं रामावर केलं असतं तर तरून गेला असता. आणि तुलसीदास तिथूनच मागे फिरले ते कायमचे.

ही गोष्ट प्रियादास नावाच्या भक्तकवीने 1712 मध्ये लिहिलेल्या भक्तमालेच्या टीकेत येते. म्हणजे तुलसीदास गेल्यानंतर साधारण 90 वर्षांनी. त्यामुळे ती इतिहास म्हणून नाही, तर लोकांनी मनात जपलेली आठवण म्हणून वाचायची.

पक्कं असं साल मिळतं ते 1574 चं. रामचरितमानस आपण विक्रम संवत 1631 च्या रामनवमीला अयोध्येत सुरू केलं, असं त्यांनी त्या ग्रंथातच नोंदवलं आहे. दिल्ली-आग्र्याच्या गादीवर तेव्हा अकबर होता.

पुढे ते काशीत स्थिरावले आणि मानसचा बराचसा भाग तिथेच पुरा झाला असं मानलं जातं. काशी म्हणजे संस्कृत पंडितांचं गाव. तिथे रामाची कथा अवधीत, म्हणजे बाजारात आणि चुलीपुढे बोलल्या जाणाऱ्या भाषेत सांगणारा माणूस येऊन बसला. त्याला विरोध झाला. आपल्याकडे ज्ञानेश्वर-एकनाथांना मराठीत लिहिल्याबद्दल जे ऐकावं लागलं असं परंपरा सांगते, तसंच काहीसं इथेही घडलं.

तुलसीदासांची जात काढली गेली, त्यांना ढोंगी म्हटलं गेलं. याला त्यांनी कवितावलीत दिलेलं उत्तर प्रसिद्ध आहे. मला ठग म्हणा, साधू म्हणा, रजपूत म्हणा नाहीतर विणकर म्हणा, मला कुणाच्या मुलीशी माझ्या मुलाचं लग्न लावायचं नाही, की कुणाची जात बिघडवायची नाही. मागून खाईन, मशिदीत झोपेन, कुणाचं एक घेणं नाही की दोन देणं नाही, असा त्याचा आशय आहे.

हळूहळू चित्र पालटलं. समकालीन असलेल्या नाभादासांनी भक्तमालेत त्यांना वाल्मीकीचा अवतार म्हटलं. 1612 मध्ये टोडर नावाच्या काशीतल्या जमीनदाराच्या वारसांमध्ये वाटणी झाली. (अकबराचा प्रसिद्ध मंत्री तोडरमल तो हा नव्हे.) त्या वाटणीच्या पंचनाम्याचा सुरुवातीचा भाग तुलसीदासांच्या हातचा मानला जातो आणि तो कागद काशीच्या राजघराण्याच्या संग्रहात जपून ठेवला गेला. भीक मागणाऱ्या पोराला आता लोक घरचे तंटे सोडवायला बोलावत होते. ते गोसाईं झाले होते.

मग हनुमान चालिसा कुठून आली?

आधी संरक्षक स्तोत्र म्हणजे काय ते बघू. आपल्याकडे याची जुनी परंपरा आहे. त्यातला एक प्रकार म्हणजे कवच. कवचात शरीराच्या एकेका अवयवाचं नाव घ्यायचं आणि देवाच्या एकेका नावाला त्याची राखण करायला सांगायचं. डोकं, कपाळ, डोळे, कान असं करत करत पायापर्यंत यायचं. रामरक्षेची रचना अशीच आहे. भागवताच्या सहाव्या स्कंधातलं नारायण कवचही याच जातीचं.

दुसरा भाग म्हणजे फलश्रुती. हे स्तोत्र म्हटल्याने काय मिळतं ते शेवटी सांगितलेलं असतं. भूतबाधा जाते, चोराचं भय राहत नाही, रोग बरा होतो. ज्या काळात साप चावला तर दवाखाना नव्हता आणि गावावर कुणाचंही सैन्य येऊन जाऊ शकत होतं, त्या काळात ही यादी म्हणजे लोकांच्या रोजच्या भीतीची यादी होती.

हनुमान चालिसा म्हणजे 40 चौपाया, सुरुवातीला दोन आणि शेवटी एक दोहा. ती कवचासारखी अवयव मोजत नाही. ती मारुतीचे पराक्रम सांगते आणि मधेमधे म्हणणाऱ्याला भरवसा देते. भाषा सोपी, चाल सरळ, त्यामुळे लहान मुलालाही पाठ होते. ती खरंच तुलसीदासांनीच लिहिली का, याबद्दल काही अभ्यासकांना शंका आहे. पण शेवटच्या चौपाईत त्यांचं नाव आहे आणि लोकांच्या मनात ती त्यांचीच आहे.

तिच्या जन्माची एक कथा व्हॉट्सअपवर हमखास फिरते. बादशहाने तुलसीदासांना चमत्कार दाखवायला सांगितलं, त्यांनी नकार दिला, बादशहाने तुरुंगात टाकलं, तुरुंगात त्यांनी चालिसा रचली आणि माकडांच्या टोळ्यांनी सगळा किल्ला डोक्यावर घेतला. शेवटी बादशहाने माफी मागितली.

बादशहा, तुरुंग आणि माकडं ही कथा प्रियादासांच्याच टीकेतून पुढे आली. अकबराच्या दरबाराची बारीकसारीक माहिती लिहून ठेवणाऱ्या अबुल फझलने तुलसीदासांचं नावही घेतलेलं नाही. त्यामुळे ती कथा म्हणून ऐकायला हरकत नाही. पण गंमत अशी की या काल्पनिक तुरुंगाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, आणि तुलसीदास खरोखर ज्या संकटात सापडले होते, ते फार कमी जणांना माहीत आहे.

काशीत साथ आली

अकबर 1605 मध्ये गेला, जहांगीर गादीवर आला. त्याच्या काळात उत्तर हिंदुस्थानात प्लेगची मोठी साथ आली. 1616 पासून पंजाब, लाहोर, दिल्ली असं करत ती पसरत गेली, पुढे आग्र्यालाही पोचली. जहांगीरने आपल्या आठवणींत तिची नोंद केली आहे. एका मोठ्या घराण्यातल्या अंगणात उंदीर झिंगल्यासारखा धडपडत आला, मांजरीने त्याला तोंडात धरलं, आधी मांजर आजारी पडली आणि मग घरातली माणसं, अशीही हकीकत त्यात आहे. उंदीर आणि प्लेगचा संबंध शास्त्राला कळायला अजून पावणेतीनशे वर्षं लागणार होती.

काशीतली साथ तुलसीदासांनी डोळ्यांनी बघितली आणि ती कवितावलीच्या शेवटच्या भागात उतरवली. हे वाचताना अंगावर काटा येतो. काशी हा तलाव, तिथली माणसं म्हणजे मासे, असं ते म्हणतात. पहिल्या पावसाचा विषारी फेस पाण्यावर आला की मासे उसळतात, तरंगायला लागतात, तडफडून मरतात. तशी माणसं मरतायत. जो तो घाबरून पळतोय, पण पळणार कुठे? पाण्यात आणि जमिनीवर, दोन्हीकडे मरणच भरलंय.

आणि मग ते एक कडक गोष्ट बोलतात. देवांना दया नाही आणि राजांनाही माया नाही.

राजे तर त्यांना जमिनीचे चोर वाटतात. दुसऱ्या एका ठिकाणी त्यांनी त्या काळातली उपासमार सांगितली आहे. शेतकऱ्याला शेती नाही, भिकाऱ्याला भीक नाही, व्यापाऱ्याला धंदा नाही, नोकरी करणाऱ्याला नोकरी नाही, आणि सगळे एकमेकांना विचारतायत की जायचं कुठे आणि करायचं काय. 400 वर्षांपूर्वीचं हे वर्णन आजही ओळखीचं वाटतं.

साथीच्या या वर्णनात ते मारुतीला हाक मारतात. रामाचंही बिघडलेलं काम तूच सावरलं होतंस, आता आमचं सावर, असं म्हणतात. पण माझं स्तोत्र म्हणणाऱ्याला साथ शिवणार नाही, असं ते कुठेही लिहीत नाहीत. रस्त्यावर दिसणारं मरण ते लपवत नाहीत.

आणि मग हात दुखायला लागला

आता आपण मूळ गोष्टीपाशी आलो.

आयुष्याच्या अखेरच्या काळात तुलसीदासांच्या हातात भयंकर वेदना सुरू झाल्या. त्या दुखण्यातून जे स्तोत्र आलं, त्याचं नाव हनुमान बाहुक. बाहू म्हणजे हात, त्यावरून बाहुक. एकूण 44 छंद. आजही उत्तर भारतात सांधेदुखी असो की अंगदुखी, बाहुकाचे पाठ करणारे लोक भेटतात.

सुरुवात नेहमीसारखी आहे. मारुतीचा रंग, त्याचं बळ, लंकेतले पराक्रम. पण जसजसं पुढे जाल तसा सूर बदलतो.

आधी ते आठवण करून देतात की मी तुझ्या तुकड्यांवर वाढलेला आहे, माझ्याकडून चूक झाली तरी मला टाकू नकोस. मग विचारतात, माझीच पाळी आली तेव्हा तू म्हातारा झालास का? की इतक्या लोकांना सांभाळून सांभाळून दमलास?

पुढे तर ते सरळ हिशोबच मांडतात. हे दुखणं माझ्या पापाने आलं, की कुणाच्या शापाने, मला कळत नाही. औषधं घेतली, यंत्र बांधलं, मंत्र म्हटले, तोडगे केले. सगळं वाया गेलं. देवांना आळवलं तर दुखणं आणखीच वाढलं. आणि या वेदनेपेक्षा तू लावलेला उशीर मला जास्त दुखतोय.

जरा विचार करा. देशातला एक मोठा रामभक्त, ज्याच्या ओव्या लोक संकटात म्हणतात, तो स्वतःच्या स्तोत्रात लिहून ठेवतोय की मंत्रांनी काम झालं नाही. आणि त्यांनी औषधही घेतलं होतं, हेही त्यातच आलं. देवाचा धावा करणं आणि वैद्याकडे जाणं, या दोन्हींत त्यांना काही विसंगती वाटली नाही.

मग शरीराचं वर्णन येतं. पाय दुखतात, पोट दुखतं, हात दुखतो, तोंड दुखतं. सगळं अंग जर्जर झालंय, सगळं अंग म्हणजे एक दुखणं झालंय. देव, भुतं, पितर, कर्म, काळ आणि ग्रह या सगळ्यांनी मिळून माझ्यावर तोफा डागल्यात, असं ते म्हणतात.

पण ते नुसतं रडत नाहीत, स्वतःकडेही बोट दाखवतात. लहानपणी मन सरळ होतं, रामाचं नाव घेत तुकडे मागून खात होतो. मग लोकरीतीत अडकलो. गोसाईं झालो, मान मिळाला आणि ते वाईट दिवस विसरलो. ज्या रामाचं मीठ खाल्लं त्यालाच विसरलो, म्हणून ते मीठ आता केसतुडांच्या रूपाने अंगातून फुटून फुटून बाहेर पडतंय. खाल्ल्या मिठाला न जागणं आपल्याकडेही म्हणतात. तुलसीदासांनी ते स्वतःच्या फोडांना लावलं.

आजाराला पापाचं फळ मानणं ही त्या काळाची समजूत. आज कुणा आजारी माणसाला असं बोललं तर ते क्रूरच ठरेल. पण तुलसीदास हे दुसऱ्या कुणाला बोलत नाहीत, स्वतःला बोलतात. आणि कारण असं एकच सांगत नाहीत, एकामागून एक शोधत राहतात. खूप दिवस बरं न वाटणारा कुठलाही माणूस हेच करतो.

मरणाची भीती नव्हती, मग कशाची होती?

बाहुकातला शेवटाकडचा एक छंद यासाठी महत्त्वाचा आहे. त्यात तुलसीदास म्हणतात की जगायला रामाचा दास हे नाव आहे आणि मरायला काशी आणि गंगेचं पाणी आहे. म्हणजे माझ्या दोन्ही हातांत लाडू आहेत. मागे रडायला मूलबाळही नाही. जगलो काय आणि मेलो काय.

म्हणजे मरणाची भीती त्यांना उरलेली नव्हती. पण वेदना सहन होत नव्हती. आणि त्याहून मोठी भीती वेगळीच होती. ज्याने लहानपणी उचलून घेतलं, त्याने आता टाकून तर दिलं नाही ना?

जन्मतःच आईबापांनी सोडलेल्या पोराची ही भीती आहे, हे कळलं की बाहुकाचा सगळा सूर उलगडतो. सतत मी तुझ्याच तुकड्यावर वाढलोय अशी आठवण का करून द्यायची, उशीर वेदनेपेक्षा का दुखतो, याचं उत्तर तिथे आहे.

मधल्या एका छंदात ते म्हणतात की रोगांच्या राक्षसिणी मला खातच होत्या, पण केसरीच्या मुलाने मला वाचवलं. यावरून त्यांना बरं वाटलं असं भाविक मानतात. पण स्तोत्र तिथे थांबत नाही. पुढे पुन्हा वेदना आहे. दुखणं असंच असतं. दोन दिवस बरं वाटतं, मग परत उठतं.

शेवटी ते मारुतीला, रामाला आणि शंकराला एकत्रच विचारतात की हा रोगाचा समुद्र गाईच्या खुराएवढ्या डबक्याइतका का करून टाकत नाही? आणि अगदी शेवटच्या छंदात सांगतात की तुमच्याने होणार नसेल तर तसं सांगून टाका. मग मी गप्प राहीन. जे पेरलं तेच उगवलं, असं समजेन.

इथे स्तोत्र संपतं. चमत्कार नाही, माकडांची फौज नाही. एक म्हातारा माणूस उत्तराची वाट बघत बसलाय.

परंपरेप्रमाणे 1623 मध्ये, श्रावण महिन्यात, काशीच्या अस्सी घाटाजवळ तुलसीदास गेले. त्या वेळी आपल्याकडे टाकळीला एक 15 वर्षांचा मुलगा गोदावरीच्या पाण्यात उभं राहून जप करत होता, असं परंपरा सांगते. तो म्हणजे पुढचे समर्थ रामदास. भीमरूपी त्यांचीच. मारुतीला हाक मारून भीती घालवायची ही गोष्ट मराठीतही तितक्याच जोमाने येणार होती.

मग स्तोत्राने दिलं काय?

स्तोत्र म्हटलं की संकट टळतं, असा सरळ व्यवहार मानला तर तुलसीदासांच्या बाबतीत तो फसलेला दिसतो. पण त्यांच्या आयुष्याकडे नीट बघितलं तर दुसरं काहीतरी दिसतं.

ज्या रात्री झोप लागत नव्हती, त्या रात्री त्यांच्याकडे बोलायला कुणीतरी होतं. त्याच्यावर ते रागावू शकत होते, त्याला टोमणे मारू शकत होते. भीती मनात कोंडून न ठेवता तिला शब्द देत होते. पाठ केलेल्या ओळी आपणही अशाच वेळी म्हणतो. श्वास लयीत येतो, मन एका जागी टिकतं आणि आपण एकटे नाही असं वाटतं. भीतीपुढे उभं राहायला माणसाला बऱ्याचदा एवढंच लागतं.

दुसरं म्हणजे त्यांच्यासाठी मारुती फक्त पोथीत नव्हता. काशीत त्यांनी मारुतीची अनेक मंदिरं स्थापन केली असं तिथले लोक सांगतात. ते जिथे राहिले त्या तुलसी घाटावर आजही कुस्तीचा आखाडा आहे. तिथे दंड-बैठका होतात, गदा-जोडी फिरवली जाते. म्हणजे नुसतं नाव घ्यायचं नाही, अंगातही बळ आणायचं.

त्यांनीच स्थापन केल्याचं मानलं जाणारं काशीतलं मोठं देऊळ म्हणजे संकटमोचन. 7 मार्च 2006 ला, मंगळवारी संध्याकाळी, गर्दीच्या वेळी या देवळात बॉम्बस्फोट झाला. त्याच संध्याकाळी वाराणसीच्या रेल्वे स्टेशनवरही स्फोट झाला. अनेक माणसं गेली. ज्या देवाचं नावच संकटातून सोडवणारा असं आहे, त्याच्या अंगणात हे घडलं होतं.

शहर पेटेल अशी भीती होती. पण तेव्हाचे महंत वीरभद्र मिश्र यांनी शांत राहायचं आवाहन केलं, शहरातले मुस्लीम धर्मगुरूही पुढे आले. पूजा थांबली नाही, लोक देवळात येत राहिले आणि काशीत दंगल झाली नाही. हे महंत बनारस हिंदू विद्यापीठात हायड्रॉलिक इंजिनिअरिंगचे प्राध्यापक होते. सकाळी गंगेत स्नान करायचे आणि त्याच गंगेच्या पाण्यात किती घाण मिसळते ते मोजून सरकारशी भांडायचे. 2013 मध्ये ते गेले. श्रद्धा आणि प्रयोगशाळा या दोन्हींची त्यांनी एकमेकींशी गल्लत केली नाही, आणि एकीसाठी दुसरीला सोडलंही नाही.

कोरोनाच्या काळात अमुक स्तोत्र इतक्या वेळा म्हणा म्हणजे आजार जवळ येणार नाही, असे फॉरवर्ड आपण सगळ्यांनी पाहिले. त्यावर दोन टोकाची उत्तरंही पाहिली. एक म्हणतो, म्हणाच, बाकी काही करू नका. दुसरा म्हणतो, हे सगळं थोतांड आहे, म्हणूच नका.

तुलसीदास या दोघांच्याही उपयोगाचे नाहीत. त्यांनी औषध घेतलं आणि स्तोत्रही रचलं. औषध लागू पडलं नाही तेही लिहिलं, मंत्र लागू पडला नाही तेही लिहिलं. साथीत माणसं मरताना बघितली आणि देवालाही जाब विचारला. एवढं सगळं होऊनही बोलणं मात्र बंद केलं नाही.

म्हणून पुढच्या वेळी दवाखान्याच्या बाकड्यावर बसून चालिसा किंवा भीमरूपी म्हणत असाल तर जरूर म्हणा. शेजारी बसलेल्या घाबरलेल्या माणसाचा हातही धरा. आणि इतकं म्हणूनही मनासारखं झालं नाही, तर आपली भक्ती कमी पडली म्हणून स्वतःला बोल लावत बसू नका. ज्यांची स्तोत्रं आपण म्हणतो, त्या तुलसीदासांचाही हात शेवटपर्यंत दुखला होता.